पाच निवडायचे कोणी? : टिळकांचे खटले आणि ज्यूररचा प्रामाणिकपणा

१

'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण मराठीत इतकी रुळली आहे की, तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे याकडे सहसा आपले लक्ष जात नाही. पाच जणांच्या मुखातून परमेश्वर बोलतो, हे मान्य केले तरी ते पाच निवडायचे कोणी? निवडताना त्यांना काय विचारायचे? आणि विचारल्यावर त्यांनी खरे उत्तर दिले की नाही, हे कसे ओळखायचे? म्हण या प्रश्नांबाबत मौन पाळते. ती निकालाचा गौरव करते, निकाल देणाऱ्यांच्या निवडीबद्दल बोलत नाही.

इंग्रजी कायद्याने हाच प्रश्न फार पूर्वी एका शब्दात बांधून ठेवला आहे. ज्यूरर म्हणून बोलावलेल्या माणसाची शपथेपूर्वी जी तपासणी होते, तिला 'व्वार दीर' असे जुन्या फ्रेंच वळणाचे नाव आहे. आजच्या फ्रेंच भाषेच्या ओळखीमुळे त्यातील पहिल्या पदाचा अर्थ 'पाहणे' असा वाटण्याचा संभव आहे; परंतु ते पद लॅटिनमधील सत्यवाचक शब्दापासून आले आहे. 'खरे बोलणे' हा त्या संज्ञेचा मूळ अर्थ. 'ज्यूरी' हा शब्दही लॅटिनमधील शपथ घेणे या अर्थाच्या धातूपासून सिद्ध झाला आहे. म्हणजे ज्यूरी ही व्युत्पत्तीनेच शपथबद्धांची मंडळी, आणि ती जमण्यापूर्वीची पहिली अट सत्यकथनाची. साक्षीदाराने खरे बोलावे ही अपेक्षा सर्वांच्या परिचयाची आहे. न्याय देण्यासाठी बसणाऱ्यानेही आधी स्वतःबद्दल खरे सांगितले पाहिजे, ही अपेक्षा मात्र आपल्याकडे फारशी चर्चिली गेलेली नाही. प्रस्तुत लेखात तिचा शोध मराठी इतिहासातील काही प्रसंगांच्या आधारे घ्यावयाचा आहे. त्या प्रसंगांच्या केंद्रस्थानी लोकमान्य टिळकांचे दोन खटले आहेत. तेथे न्यायासनापुढे काही मराठी लेख होते आणि ज्यूरर हे त्या लेखांचे वाचक ठरले होते. त्यामुळे हा विषय कायद्याइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकांचाही आहे.

२

ज्यूरी इंग्रजांनी आणली. परंतु निवाडा करणाऱ्यांविषयी शंका घेण्याची रीत इंग्रजांनी आणलेली नाही. मराठेशाहीतील गोतसभा आणि पंचायती यांच्या कागदपत्रांवरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. वतनाचा तंटा उभा राहिला की पाटील, कुलकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार असे गोत बसे. निवाडा झाल्यावर महजर लिहिला जाई आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे येत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या व्यवसायाची निशाणी करीत. कुणब्याचा नांगर, वाण्याचा तराजू. महजराच्या शेवटी येणारी ही नावानिशाण्यांची रांग म्हणजे निवाडा कोणाच्या मुखाने झाला याची जाहीर नोंद होय.

निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून 'राजीनामा' लिहून घेण्याची पद्धत होती. आज हा शब्द नोकरी सोडण्याच्या पत्रापुरता उरला आहे. त्या काळी त्याचा अर्थ शब्दशः राजी असल्याचा लेख असा होता : या पंचांना आम्ही मान्य करतो, त्यांचा निवाडा आम्हांवर बंधनकारक राहील. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतींच्या या कार्यपद्धतीचे वर्णन आले आहे. स्थानिक गोत आपल्या विरुद्ध पक्षाच्या प्रभावाखाली आहे असे एखाद्या पक्षास वाटले, तर तंटा 'परस्थळी', म्हणजे दुसऱ्या गावच्या सभेपुढे, नेण्याची मागणी तो करू शकत असे. पक्षपाताची शंका उघडपणे मांडणे हा पंचांचा अपमान मानला जात नव्हता, हे या तरतुदीवरून लक्षात येते.

अर्थात, या पद्धतीस ज्यूरीची पूर्वज म्हणून गौरविण्याचे कारण नाही. पंचायतींपुढे प्रामुख्याने वतनाचे, वारशाचे, देण्याघेण्याचे तंटे येत. गंभीर गुन्ह्यांचा बंदोबस्त बहुधा सरकारी अधिकारी करीत. शिवाय गोतात कोणी बसायचे हे जातीने आणि वतनाने आधीच ठरलेले असे. ज्यांना गोतात जागाच नव्हती, त्यांच्या दृष्टीने 'पाच' नेहमीच दुसऱ्यांचे होते. तरीसुद्धा एक फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. गोतातील माणूस अनोळखी नसावा अशी अपेक्षा होती. तो कोणाचा सोयरा, कोणाचा भाऊबंद हे साऱ्यांना ठाऊक असे. त्याची बाजू माहीत असूनही त्याने तिच्यावर मात करावी, एवढेच मागणे होते. प्रेमचंदांच्या १९१६ मधील 'पंच परमेश्वर' या कथेचा गाभा हाच आहे. जुम्मनविरुद्ध दाद मागणारी त्याची म्हातारी मावशी पंच म्हणून नेमका जुम्मनच्या जिवलग मित्राला, अलगूला, निवडते. आणि अलगू मित्राविरुद्ध निर्णय देतो. इंग्रजी पद्धतीचे मागणे वेगळे होते. ज्यूरर कोणाचाच नसावा, आणि असेल तर त्याने किंवा दुसऱ्या कोणी ते शपथेपूर्वी सांगावे.

३

ही दुसरी कल्पना मुंबईत पूर्ण स्वरूपात कधी आलीच नाही. आरंभी इलाख्यांच्या राजधान्यांतील ज्यूरी गोऱ्यांची असे. १८२६ च्या कायद्याने हिंदी लोकांना ज्यूरीत प्रवेश मिळाला, परंतु ख्रिस्ती आरोपीचा न्याय करण्याचा अधिकार बिगर ख्रिस्ती ज्यूररला नाकारण्यात आला. राममोहन रॉय यांनी या भेदाविरुद्ध आवाज उठविला आणि १८३२ मध्ये तो दूर झाला. मात्र तेथवर कायद्याने एक गोष्ट शिकवून ठेवली होती : ज्यूररची लायकी ठरविताना त्याचा विवेक नंतर पाहायचा, वंश आणि धर्म आधी.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीच्या निवडीचे नियम दिलेले होते. उच्च न्यायालयात नऊ ज्यूरर असत. नावे चिठ्ठ्या टाकून निघत. नाव पुकारले की आरोपीला विचारले जाई, या ज्यूररविषयी तुमची हरकत आहे काय? उच्च न्यायालयात सरकारला आठ आणि आरोपीला आठ हरकती कोणतेही कारण न देता घेता येत. याखेरीज कारणे देऊन हरकत घेता येई. प्रत्यक्ष किंवा गृहीत धरण्याजोगा पक्षपात, वय, परकीयत्व, पोलिसी काम, न्यायालयातील नोकरी अशी ती कारणे होती. ज्याने व्रतस्थ होऊन संसाराची चिंता सोडली आहे, त्याच्याविरुद्धही हरकत घेता येई. संन्याशाला ज्यूरीत जागा नाही, ही तरतूद वरवर गमतीची वाटली तरी तिच्यामागे विचार आहे. संसारातील गुन्ह्याचा निवाडा संसारातल्या माणसानेच करावा, असा तो विचार.

या यादीतील आणखी एक कारण आपल्या विषयाच्या दृष्टीने कळीचे आहे. साक्षीपुराव्याची भाषा ज्यूररला समजत नसेल, तर ती हरकत ग्राह्य होती. पण लगेच पुढे सवलत होती : पुरावा दुभाष्यामार्फत समजावून दिला जात असेल, तर ज्या भाषेत तो समजावला जातो ती भाषा कळली की पुरे. म्हणजे मुंबईच्या उच्च न्यायालयात मराठी लेखाबद्दल खटला चालला, लेखाचे इंग्रजी भाषांतर पुढे ठेवले गेले आणि ज्यूररला इंग्रजी येत असले, की मराठीचा गंध नसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने पात्र वाचक ठरत होता. 'आपणांस मराठी येते काय?' हा प्रश्नच त्याला विचारण्याचे कारण उरत नव्हते. त्याने खोटे बोलण्याचा संभव नव्हता, कारण त्याच्यावर खरे बोलण्याची वेळच येत नव्हती.

४

१८९७ च्या खटल्यात टिळकांवर आरोप होता तो १५ जून १८९७ च्या 'केसरी'तील मजकुराबद्दल. त्यात 'शिवाजीचे उद्गार' ही कविता होती आणि शिवाजी उत्सवातील भाषणांचा वृत्तान्त होता. वृत्तान्तात अफझलखानाच्या वधाची चर्चा होती. पुढच्याच आठवड्यात, २२ जून रोजी पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि या मजकुराकडे पाहण्याची सरकारी दृष्टी पार बदलली. सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला चालला. ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. मतांची विभागणी वंशाच्या रेषेवर तंतोतंत झाली. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

१९०८ च्या खटल्यात वाद अधिक स्पष्ट शब्दांत पुढे आला. मुझफ्फरपूरच्या बाँबस्फोटानंतर 'केसरी'त प्रसिद्ध झालेले 'देशाचे दुर्दैव' (१२ मे) आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' (९ जून) हे अग्रलेख आरोपाचा मुख्य आधार होते. सरकारपक्षाने 'खास ज्यूरी'ची मागणी केली. खास ज्यूररांची यादी ही मिळकत, हुद्दा आणि प्रतिष्ठा यांच्या निकषांवर बनविलेली वेगळी यादी असे, आणि मुंबईत अशा यादीत युरोपियनांचे प्राबल्य होते. टिळकांच्या वतीने जोसेफ बॅप्टिस्टा यांनी या मागणीला विरोध केला. खास ज्यूरीत बहुसंख्य युरोपियन येतील, त्यांना मराठी येणार नाही आणि लेख ज्या भाषेत लिहिले त्या भाषेतून त्यांचा न्याय होणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. न्या. दिनशा दावर यांनी खास ज्यूरी मंजूर केली. हेच दावर १८९७ साली बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या बाजूने उभे होते, हा योगायोग सर्वज्ञात आहे. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी आले. २२ जुलै १९०८ च्या रात्री निकाल आला : सात विरुद्ध दोन. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड.

टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले, आणि त्याचा बराच मोठा भाग भाषांतराची चिकित्सा करण्यात गेला, ही गोष्ट वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने लक्षात घेण्याजोगी आहे. सरकारी भाषांतरातील शब्द मूळ शब्दांचा भार कसा बदलतात, हे ते ज्यूरीला समजावून सांगत होते. त्यातील अडचण आपण एका साध्या उदाहरणाने पाहू. 'वध' आणि 'खून' हे दोन्ही शब्द मराठीत आहेत. कंसाचा वध होतो, रावणाचा वध होतो. शेजाऱ्याचा खून होतो. 'वध' म्हणताच पुराणाची, कीर्तनाची, धर्मयुद्धाची एक परंपरा त्या शब्दाबरोबर येते. इंग्रजीत जिवे मारण्याला एक सर्वसाधारण शब्द आहे आणि गुन्ह्याला दुसरा आहे. पण कीर्तनातून आलेला शब्द कोठून आणायचा? भाषांतरकर्ता कितीही प्रामाणिक असला तरी त्याला कोणत्या तरी एका बाजूला झुकावे लागते. आणि त्या झुकण्याचीही नोंद ज्यूररपर्यंत पोहोचत नाही, कारण त्याच्यापुढे येते ते गुळगुळीत इंग्रजी.

त्याच सुमारास 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे यांच्यावरही मुंबईत राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. परांजप्यांची सारी लेखनशक्ती वक्रोक्तीत आणि उपरोधात होती. स्तुतीच्या शब्दांत निंदा आणि निंदेच्या शब्दांत स्तुती करणारे हे गद्य भाषांतरात काय होत असेल, याची कल्पना करावी. शब्द भाषांतरित होतात, सूर राहून जातो. अकलूजसारख्या गावी एम. ए.च्या वर्गाला निबंधवाङ्मय शिकविताना आमचा अनुभव असा आहे की, परांजप्यांचा उपरोध आजच्या मराठी विद्यार्थ्यालाही संदर्भ सांगितल्याशिवाय पकडता येत नाही. शंभर वर्षांचे अंतर मध्ये आले आहे. १९०८ च्या ज्यूररला काळाचे अंतर नव्हते. त्याच्यापुढे भाषेचे आणि सत्तेचे अंतर होते.

१८७३ च्या शपथविषयक कायद्यात शपथ घेणाऱ्या तीन प्रकारच्या व्यक्तींचा उल्लेख आहे : साक्षीदार, दुभाषी आणि ज्यूरर. खऱ्या साक्षीची, खऱ्या भाषांतराची आणि खऱ्या निकालाची शपथ घेतली जाई. 'या लेखाची भाषा मला येत नाही' असे सांगण्याची शपथ मात्र त्यात कोठेच नव्हती.

५

येथवरचे विवेचन वाचून एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल : गोरे ज्यूरर पक्षपाती होते, हिंदी ज्यूरर न्यायी होते. हा निष्कर्ष आमच्या मते टाळला पाहिजे. आणि तो टाळण्याचे कारण उदारपणा दाखविणे हे नसून, त्यामुळे आपल्याच बाजूचे फार मोठे नुकसान होते हे आहे.

१९०८ मध्ये ज्या दोन पारशी ज्यूररांनी टिळकांना निर्दोष ठरविले, त्यांचा विचार करावा. जर सात जणांचे मत केवळ त्यांच्या वंशामुळे झाले, तर या दोघांचे मतही केवळ ते हिंदी होते म्हणून झाले, असे म्हणणे भाग पडते. मग त्यांच्या मताला स्वतंत्र किंमत काय राहिली? ती दोन मते म्हणजे सात मतांचे उलटे प्रतिबिंब ठरतील. शिवाय शिक्षा सुनावणारे न्यायमूर्तीही पारशीच होते, ही गोष्ट या सोप्या हिशेबात बसत नाही. आपण त्या दोघांना प्रामाणिक म्हणू इच्छित असलो, तर विवेक नावाची वस्तू वंशापलीकडे असू शकते हे मानावे लागेल. आणि मग ती सातांच्या ठायीही असू शकली असती, पण निवडीच्या पद्धतीने तिला वाव दिला नाही, असा आरोप करावा लागेल. हा आरोप माणसांवर नसून पद्धतीवर आहे, आणि म्हणूनच तो अधिक जड आहे.

टिळकांनीही ज्यूरीपुढे बोलताना हीच भूमिका घेतली. ज्यूररांच्या वंशावर बोट ठेवून त्यांनी त्यांना डिवचले नाही. इंग्लंडमध्ये १७९२ च्या फॉक्सच्या कायद्याने बदनामीच्या खटल्यात पूर्ण निर्णयाचा हक्क ज्यूरीला मिळाला, वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्याचे रक्षण इंग्रज ज्यूरींनीच केले, या इतिहासाची आठवण त्यांनी करून दिली. म्हणजे त्यांनी ज्यूररांना त्यांच्याच परंपरेतील उत्तम वाचक होण्याचे आवाहन केले. निकालानंतर त्यांनी जे थोडे शब्द उच्चारले, त्यांतही ज्यूरीच्या निर्णयानंतर आपण निर्दोषच आहोत या प्रतिपादनापुढे ज्यूररांच्या निंदेचा एक शब्द नाही. ते उद्गार आज मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचे अनावरण झाले.

१९१६ चा प्रसंग या संदर्भात फार उद्बोधक आहे. बेळगाव आणि अहमदनगर येथील स्वराज्यविषयक भाषणांबद्दल टिळकांकडून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला. या प्रकरणात ज्यूरी नव्हतीच. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तेव्हा न्या. बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषणांतील सुटी वाक्ये न उचलता ती समग्र वाचली पाहिजेत, ही दृष्टी त्या निकालात होती. बॅचलर इंग्रज होते, भाषणे मराठी होती, भाषांतर मध्ये होतेच. तरीही वाचन न्याय्य झाले. यावरून असे दिसते की, भाषेचे ज्ञान ही चांगल्या वाचनाची मोठी अट असली तरी ती एकमेव अट नव्हे. आपल्याला काय कळत नाही याची जाणीव ठेवून संपूर्ण मजकुरापुढे नम्र होणे, ही दुसरी अट आहे. पहिली अट यादी करून तपासता येते. दुसरी तपासण्याचे साधन कोणत्याही संहितेत नाही.

दरम्यान सरकारने स्वतःपुरता वेगळाच धडा घेतला होता. १९०८ अखेरच्या कायद्याने राजकीय स्वरूपाच्या काही गुन्ह्यांसाठी ज्यूरीविना तीन न्यायमूर्तींपुढे खटला चालविण्याची सोय झाली, आणि नाशिकच्या कटाचा खटला तसाच चालला. सोयीची ज्यूरी निवडण्यापेक्षा ज्यूरीच वगळणे अधिक सोयीचे ठरले.

६

स्वातंत्र्यानंतर वंशाचा आणि परक्या भाषेचा प्रश्न संपला. प्रामाणिकपणाचा संपला नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीश मेहता यांना तो निर्णय पुराव्याशी सर्वथा विसंगत वाटला आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने नानावटींना जन्मठेप दिली, २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

या खटल्याच्या काळात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती. मुंबईत वर्तमानपत्र वाचणारा असा कोणी उरला नसेल, की ज्याचे मत आधीच बनले नव्हते. अशा शहरातून नऊ कोरी मने कोठून आणायची? 'आपण या प्रकरणाविषयी काही वाचले आहे काय?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर सर्वांचे एकच आले असते. मग खरा प्रश्न पुढचा उरतो : वाचूनही आपण बाजूला ठेवू शकाल काय? आणि याचे खरे उत्तर माणसाला स्वतःलाच ठाऊक नसते. तो खोटे बोलत नाही. तो स्वतःला ओळखत नाही.

नानावटी खटल्यामुळे भारतातील ज्यूरी बंद झाली, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८ सालीच, म्हणजे खटल्याच्या आधी, ज्यूरी रद्द करण्याची शिफारस केली होती. मुंबई इलाख्यातही ती सर्व जिल्ह्यांत कधी नव्हती. अनेक ठिकाणी 'असेसर' असत, ज्यांचे मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हते, आणि तेही १९५५ च्या दुरुस्तीने गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. शिवाय नानावटी प्रकरणात न्यायाधीशांनी ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातही चुका झाल्या होत्या, असे वरिष्ठ न्यायालयांनी म्हटले आहे. सारा दोष नऊ सामान्य माणसांच्या माथी मारून आपण मोकळे झालो, असे मात्र घडले. बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला' हा एका अमेरिकन चित्रपटावर आधारलेला ज्यूरीपट १९८६ साली आला, तेव्हा त्याचे विषयभूत दालन भारतीय फौजदारी न्यायालयांतून नाहीसे झालेले होते. आपण ज्यूरीकडे पडद्यावर पाहिले, तेही ती गेल्यानंतर.

७

जेथे ज्यूरी आजही जिवंत आहे, त्या अमेरिकेत शपथेपूर्वीच्या प्रश्नांना फार महत्त्व आहे. लेखी प्रश्नावली असते, वकील खोदून विचारतात. तरीही प्रश्न सुटलेला नाही. गिस्लेन मॅक्सवेल हिच्या खटल्यात २०२१ च्या डिसेंबरात ज्यूरीने तिला दोषी ठरविल्यावर एका ज्यूररने मुलाखतींत सांगितले की, लहानपणी आपल्यावरही लैंगिक अत्याचार झाला होता. प्रश्नावलीत याविषयी थेट प्रश्न होता आणि त्याने त्याचे उत्तर नकारार्थी दिले होते. न्यायाधीशांनी त्याला बोलावून चौकशी केली. घाईत प्रश्न नीट वाचला नाही, असे त्याने सांगितले. उत्तर चुकीचे असले तरी ते हेतुपुरस्सर नव्हते आणि खरे उत्तर दिले असते तरी तो पक्षपाती म्हणून वगळला गेला नसता, असे ठरवून एप्रिल २०२२ मध्ये नव्या खटल्याची मागणी फेटाळण्यात आली. ज्यूररचा गुन्हा काय, तर त्याने एक कागद नीट वाचला नाही! वाचनाचा प्रश्न येथेही आलाच.

आपल्याकडे ज्यूरर गेला, परंतु पंच उरला आहे. झडती, जप्ती, घटनास्थळाचा पंचनामा यांसाठी पोलीस गावातल्या प्रतिष्ठित माणसांना बोलावतात. हा पंच निवाडा करीत नाही. जे झाले ते आपल्यासमोर झाले, एवढे सांगतो. नांगराची निशाणी करणाऱ्या गोताचा हा क्षीण झालेला वारस. न वाचता केलेली सही, ओळखीच्या हवालदाराने ठेवलेला तयार कागद आणि मग न्यायालयात 'फितूर' ठरलेला पंच, हे चित्र आमच्या तालुक्यालाच काय, राज्यातील कोणत्याही तालुक्याला अपरिचित नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले, त्यामागे माणसाच्या साक्षीवरील हा अविश्वासही आहेच. यंत्राला नातेवाईक नसतात. पण यंत्राला विवेकही नसतो.

शेवटी आपल्या क्षेत्राविषयी. विद्यापीठाचा परीक्षक होताना आपण लिहून देतो की, आपला जवळचा नातेवाईक या परीक्षेस बसलेला नाही. ते प्रतिज्ञापत्र आवश्यक आहे आणि अपुरे आहे. नात्याची कबुली देता येते. आवडीची, जातीय ओढीची, एखाद्या बोलीबद्दलच्या नकळत तुच्छतेची कबुली कोणत्या रकान्यात द्यायची? वाङ्मयीन पुरस्कारांच्या परीक्षक मंडळावर बसणारे, ग्रंथपरीक्षण लिहिणारे, प्रबंध तपासणारे आपण सारे ज्यूररच आहोत. फरक एवढाच की, आपल्याविरुद्ध हरकत घेण्याचा हक्क लेखकाला नाही. मराठीचा एक अक्षरही न वाचता मराठी लेखाचा निवाडा करणाऱ्या सात जणांवर रागावणे सोपे आहे. जी मराठी आपल्याला येत नाही, ती मराठी, मग ती मांगवाड्यातली असो, पारध्याच्या पालावरची असो वा माणदेशी मेंढपाळाची असो, कोणी लिहून आपल्यापुढे ठेवली, की आपण 'मला ही भाषा येत नाही' असे आधी सांगतो काय? की हाती असलेल्या प्रमाण भाषांतरावरून निकाल देऊन मोकळे होतो?

'पाचामुखी परमेश्वर' या म्हणीला एक अट जोडावीशी वाटते. पाचांनी तोंड उघडावे ते प्रथम स्वतःबद्दल सांगण्यासाठी. परमेश्वराची वाणी त्यानंतर.